प्रमिलाबाईंचे बारा जॉब

जळगावच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप होतं. मालक हितेंद्रभाऊ. कामाला आम्ही चौदा जण. मी मागच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं गॅस कटर चालवला. प्रमिलाबाई पुढच्या शेडमध्ये बर काढायच्या. त्यांच्याबद्दल एमआयडीसीत आजही बोललं जातं. जे बोललं जातं ते अर्धं आहे, म्हणून लिहितो.

आधी बर म्हणजे काय ते सांगतो. धातूला भोक पाडलं की ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथे धातूची बारीक कड उभी राहते. ती बर. बाहेरची बर कानशीने कोणीही काढतो. पण एका ठोकळ्याच्या पोटात दोन भोकं एकमेकांना आडवी भेटतात, तिथली बर दिसत नाही. तिथे कानस नीट पोचत नाही. ती काढायला हात लागतो, आणि तो हात हजारात एकाचा असतो.

प्रमिलाबाईंचं माहेर शिंदखेड्याकडचं, सासर नशिराबाद. नवरा अभिमन डाळ मिलमध्ये पोती उचलायचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्याची कंबर गेली आणि प्रमिलाबाई आमच्याकडे कामाला लागल्या. पहिली दोन वर्षं मशीनखालचा लोखंडी कीस झाडला. झाडता झाडता फेकलेले जॉब उचलून बोट फिरवायच्या. वर्कशॉपात घडवायच्या वस्तूला जॉब म्हणतात. एकदा फोरमन लीलाधरने पास केलेल्या जॉबवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे लागतंय. लीलाधर हसला. म्हणाला, झाडूवाली आता इन्स्पेक्टर झाली. मग त्याने भिंग लावलं आणि हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी हितेंद्रभाऊंच्या वडिलांनी त्यांना टेबलावर बसवलं. त्यानंतर बावीस वर्षं त्या त्याच टेबलावर होत्या.

त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच काढली होती. सरकी काढलेल्या कापसाची काडीएवढी वात करायची, भोकातून ओढायची. एक तंतू जरी अडकला तरी बर आहे. मग दाताच्या डॉक्टरकडची असते तसली आकडी घालून, डोळे मिटून, खरवडायचं. डोळे का मिटता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, उघडे ठेवले की बोटाचं लक्ष डोळ्यांकडे जातं.

या हातामुळेच ते काम आमच्याकडे आलं. आपल्या देशाची माणसं आपल्याच यानातून अवकाशात जायची आहेत, त्या गगनयानाच्या कामातलं एक काम. थेट नाही. वरच्या कंपनीने दुसऱ्या कंपनीला दिलं, तिने हितेंद्रभाऊंना. काडेपेटीपेक्षा जरा मोठा स्टेनलेस स्टीलचा ठोकळा, पोटात पाच भोकं, तीन ठिकाणी एकमेकांना छेदणारी. त्यातून ऑक्सिजन जाणार. असे बारा. दोन शहरांतल्या वर्कशॉपांनी नमुने करून पाहिले होते आणि दोघांचे परत आले होते. आमचा नमुना पास झाला.

एका जॉबला प्रमिलाबाईंना साडेतीन दिवस लागत. मोजून सांगतो: सकाळी आठ ते बारा, साडेबारा ते पाच. चार तासांत एका छेदाची एक बाजू, शेवटचा अर्धा दिवस वात ओढून तपासायला. हात थरथरला तर आकडीचा ओरखडा पडतो आणि जॉब बाद. त्या दिवसांत त्यांनी चहा सोडला. पाण्याची कळशी उजव्या हाताने उचलत नसत. घरी भाकरी थापायची ती सुनेने, हाताला ताण नको म्हणून. लीलाधर त्यांना ‘रॉकेटवाल्या अक्का’ म्हणायचा. शेजारच्या टेबलावरच्या कुंदाबाई म्हणायच्या, वर गेल्यावर आमच्यासाठी दोन जागा धरून ठेवा हो.

तपासणीला मोनाली होती, डिप्लोमा केलेली, सावद्याची मुलगी. ती जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून वाचून दाखवायची. आधी रिकामं यान जाणार. मग माणसं. त्यानंतर आपलं स्वतःचं अवकाश स्थानक. मग चंद्रावर माणूस. लोक ऐकत आणि चेष्टा करत. एकजण म्हणाला, चंद्रावर नेताय, पण औरंगाबाद रस्त्याचे खड्डे आधी बुजवा. प्रमिलाबाई चेष्टेत नसायच्या. त्यांनी एकच विचारलं, तिथे हवा नसते तर श्वास कशाचा घेतात. मोनालीने टेबलावरच्या ठोकळ्याकडे बोट केलं. याच्यातून जाणाऱ्या ऑक्सिजनचा.

ते ऐकल्यावर त्यांचा साडेतीन दिवसांचा जॉब चार दिवसांचा झाला. हितेंद्रभाऊंनी ते चालवून घेतलं.

बारावा जॉब खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरा झाला. जॉब धुवायला काचेची खोली केली होती. डोक्याला टोपी, हातात मोजे. धुऊन, वाळवून, दोन पिशव्यांत सील करायचे. नऊ आधीच सील झालेले होते. उरलेले तीन नवमीच्या दिवशी दुपारपर्यंत करायचे आणि संध्याकाळच्या गाडीने पाठवायचे, असं ठरलं.

खंडेनवमीला आम्ही मशीन धुतो, हार घालतो, प्रत्येक मशीनला आणि हत्याराला कुंकू लावतो. इथे एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. लोखंडाला पाण्यात कालवलेलं कुंकू लावत नाहीत. गंज धरतो. आम्ही कुंकू गोड्या तेलात कालवतो. आमच्या शेडमध्ये ही पद्धत मालकांच्या आजोबांपासूनची. लेथला, ड्रिलला, कानशींना, सगळ्यांना तेलातलं कुंकू.

पूजा झाली. मोनाली प्रसादाचं ताट घ्यायला बाहेर गेली. काचेच्या खोलीत प्रमिलाबाई आणि ट्रेमधले तीन जॉब. त्यांनी मोजा काढला. मघाचं कुंकू करंगळीशेजारच्या बोटाला लागलेलं होतं. त्यांनी एका जॉबच्या पाठीला टिळा लावला. हात जोडले. मग मोनाली येताना दिसली म्हणून त्याच खोलीतल्या स्वच्छ कापडाने तो पुसला, मोजा घातला. तिन्ही जॉब पिशव्यांत गेले, सील झाले, संध्याकाळी निघून गेले.

धुतलेल्या जॉबला उघडा हात लावायचा नाही, घाण लागू द्यायची नाही, हे त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी ते चार महिने पाळलं होतं. कुंकू घाणीत मोडत नाही, एवढंच.

दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात वरच्या कंपनीने सगळ्यांसाठी एक फिल्म पाठवली. पुढचं काम मोठं होतं, चाळीस जॉबचं, आणि त्याआधी कामगारांना ती दाखवायची अट होती. आम्ही शेडमध्ये खाली बसून भिंतीवर पाहिली. दाबाखालचा ऑक्सिजन. नळीत तेलाचा एक थेंब. झडप उघडली, आणि पोलादाची नळी कागदासारखी पेटली. मोनालीने दोनदा दाखवली. म्हणाली, बोटाचा तेलकट ठसासुद्धा नको तो यासाठी.

मी गॅस कटरवाला. तेलकट हात ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावायचा नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवमीचं कुंकू तेलाचं असतं हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात अठ्ठावीस वर्षं होत्या. पुढच्या शेडमध्ये जाऊन कुणाला सांगावं असं कधी सुचलं नाही.

फिल्म संपली तेव्हा प्रमिलाबाई उठल्या नाहीत. कुंदाबाईंना वाटलं पायाला मुंग्या आल्या.

दुपारी त्या मागच्या शेडमध्ये आल्या. आम्ही दोघं धुळ्याकडचे, आपसात अहिराणीच बोलायचो. त्यांनी विचारलं, “नाना, तेल रहास का वाळी जास?”

मी म्हटलं, राहतं. कसलं तेल?

तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, उभ्याने, आवाज न चढवता. मी विचारलं कोणत्या जॉबला. त्या म्हणाल्या, “माले ठावं नही. नंबर खालनी बाजूले व्हता.”

मी गॅसच्या दोन्ही चाव्या बंद केल्या. दुसरं काही करायला नव्हतं.

त्यानंतरचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं. टेबलावर नेहमीचं काम होतं, पंपाचे नट. बोट फिरवायच्या आणि तोच नट पुन्हा उचलायच्या. डबा तसाच परत न्यायच्या. एकदा मोनालीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडे गेल्यावर पुन्हा धुतात का गं. मोनाली अभिमानाने म्हणाली, नाही मावशी, आपली पिशवी थेट जोडणीच्या खोलीत फोडतात, इतका आपल्यावर भरवसा आहे. प्रमिलाबाई माझ्याकडे आल्या आणि हे जसंच्या तसं सांगून गेल्या.

मला त्यांनी दर दिवशी एखादी वाट विचारली. पुसलं तेव्हा सगळं निघालं असेल का. पाठीला लावलेलं आत कसं जाईल. मी खोटं बोललो असतो तर त्यांनी मानलं असतं. पण पाठीला दोन आटे पाडलेली भोकं होती. पुसताना तेल आट्यात सरकतं. आट्यातून पुढे कुठे जाईल ते मी सांगू शकत नव्हतो, कोणीच सांगू शकलं नसतं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “चौदा घरं शेतस, नाना.” म्हणजे सांगितलं तर काम जाणार, चौदा घरांचं. मी म्हटलं, आणि यानात बसणारे? त्या म्हणाल्या, तेच तर.

मग म्हणाल्या, चला माझ्याबरोबर.

हितेंद्रभाऊ केबिनमध्ये चाळीस जॉबचे कागद लावत बसले होते. चांगला माणूस. चाळिशीचा, वडिलांसारखाच हाताने काम केलेला. त्यांनी खुर्ची पुढे केली. प्रमिलाबाई बसल्या नाहीत.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “मावशी, पुसलं ना?”

“पुसलं.”

“मग झालं.”

“पुसल्यावर तेल जातं का ते नानांना विचारा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जात नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

थोडा वेळ ते कागद सरळ करत राहिले. मग विचारलं, आणखी कुणाला सांगितलंय. आम्हा दोघांशिवाय कुणाला नाही, हे कळल्यावर खालच्या आवाजात म्हणाले की तिकडे शंभर तपासण्या होतात, जोडल्यावर होतात, उडवायच्या आधी होतात. काही असेल तर सापडेल. आपण सांगितलं तर चाळीस जॉब गेले. फक्त ते नाही, आपलं नाव यादीतून गेलं. पंपाच्या नटांवर चौदा जण जगत नाहीत, हे तुम्हाला दोघांना माहीत आहे.

“तुम्हीच सांगा मावशी, मी या लोकांना काय सांगू?”

प्रमिलाबाई फरशीवर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. नाही. त्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्ही नाही सांगितलं तर मी पत्र टाकते.”

“कुठे टाकाल? पत्ता आहे?”

“पिशवीवर छापलेला असतो. बारा वेळा मीच चिकटवलाय.”

हितेंद्रभाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला आणि दार लावून घेतलं. प्रमिलाबाई टेबलावर गेल्या नाहीत. केबिनच्या दाराशी उभ्या राहिल्या. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. लोक जाता-येता बघत होते. लीलाधरने विचारलं, काय अक्का, पगारवाढ मागताय का. कुंदाबाईंनी पाणी आणून दिलं, ते त्या प्यायल्या. सहा तास उभं राहणं सोपं काम नाही, विशेषतः चार दिवस न जेवता. मी माझं काम केलं. दोन प्लेटा कापल्या, दोन्ही वाकड्या.

पाच वाजता दार उघडलं. हितेंद्रभाऊंनी मोनालीला बोलावलं आणि मेल लिहायला सांगितला. त्यात प्रमिलाबाईंचं नाव घालू नका असं ते म्हणाले. प्रमिलाबाई म्हणाल्या, घाला. नाहीतर ते म्हणतील खात्रीचं नाही.

बाराही जॉब तीन आठवड्यांत परत आले. बरोबर वरच्या कंपनीचे एक साहेब आले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. काचेच्या खोलीत अंधार करून त्यांनी निळा दिवा लावला. तेल असलं की त्या दिव्यात चमकतं. बारापैकी एकही चमकला नाही.

हितेंद्रभाऊंनी श्वास सोडलेला मी ऐकला. शेडमध्ये बातमी गेली. कुंदाबाई म्हणाल्या, उगाच जीव घाबरा केला बाईने.

पण साहेब पिशव्या परत भरत नव्हते. त्यांनी सांगितलं की दिवा सगळं दाखवत नाही. आट्यात, छेदात, केसाएवढ्या जागेत दिवा पोचत नाही. पुन्हा धुऊन पास झाले तरी घेता येणार नाहीत. तीनमधला एक, पण कोणता ते माहीत नाही. आणि मोजा एकदा निघाला म्हणजे आधीच्या नऊंबद्दलही विचारलं जाणार. यात माणसं बसणार आहेत. संशय आला की बाद, हा नियम. नियम बदलता येत नाही, तो बदलायचा अधिकार कुणालाच नाही.

मग त्यांनी एक बारीक कॅमेरा काढला, सुईएवढा, आणि एकेक छेद आतून पाहायला लागले. का ते मला कळलं नाही. बाद करायचेच होते. दोन जॉब पाहिले, तीन पाहिले. छेदाची कड पडद्यावर दिसत होती, गोल, स्वच्छ, पाण्याने घासल्यासारखी. बाराही पाहून झाले तेव्हा दीड तास गेला होता. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं.

हितेंद्रभाऊंनी प्रमिलाबाईंकडे हात केला.

साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, “बाई, एकवीस वर्षांत मी असं काम पाहिलं नाही.”

प्रमिलाबाईंनी विचारलं, “मग ठेवणार?”

“नाही.”

परत कुणी वापरू नयेत म्हणून बाद जॉब कापून टाकावे लागतात. करवतीच्या मशीनवर मी होतो. प्रमिलाबाईंना घरी जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत. एकेक जॉब त्यांनी मला हातात दिला. नंबर वाचायच्या, साहेब कागदावर खूण करायचे, मी शिकंज्यात धरायचो. पातं छेदाच्या मधोमध जायला हवं होतं. एका जॉबला सहा मिनिटं. बाराला एक तास बारा मिनिटं. बनवायला चार महिने लागले होते. बारावा कापला तेव्हा मी मशीन बंद केलं, त्यांनी कीस झाडून सुपलीत भरला, सवयीने.

जाताना साहेबांनी त्यांना सांगितलं की तुम्ही कळवलंत हे बरोबर केलं. हे त्यांनी सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगितलं. त्याने काही फरक पडला नाही.

चाळीस जॉबचं काम आलं नाही. मार्चमध्ये सहा जणांना घरी बसावं लागलं. लीलाधर त्यात होता. त्याचं वय पंचावन्न, त्याला कोण घेणार. तो जाताना प्रमिलाबाईंच्या टेबलासमोर थांबला. वाटलं काहीतरी लागट बोलेल. तो फक्त म्हणाला, “सांगायचं होतं तर आधी विचारायचं तरी होतं, अक्का. टिळ्याआधी.” हे खरं होतं, म्हणून फार लागलं. त्यानंतर कुंदाबाई डबा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसायला लागल्या. ‘रॉकेटवाली’ हा शब्द राहिला, पण त्याचा अर्थ बदलला.

हितेंद्रभाऊंनी प्रमिलाबाईंना काढलं नाही. नट देत राहिले. एक महिना त्या आल्या. मग एके दिवशी आकडी, भिंग आणि टेबलाची किल्ली मोनालीकडे दिली आणि आल्या नाहीत. पुढचे जॉब कोणी केले, कुठे केले, ते आम्हाला कळायचा मार्ग नाही. कुणीतरी करतंय. माणसं जायची आहेत, तारखा मागे-पुढे होतात.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो. या हिवाळ्यात नशिराबादला गेलो होतो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. अभिमन खाटेवर. त्या आता हळद कुटायच्या गिरणीत पोती शिवतात. हात पाहिला. सुईची भोकं, बोटं पिवळी. त्यांनी चहा केला. इकडचं-तिकडचं झालं. मग मी विचारू नये ते विचारलं. पश्चात्ताप होतो का, सांगितल्याचा.

त्या म्हणाल्या, सांगितल्याचा नाही. पण त्या बारांत तेल होतं का नव्हतं, हे आता कधीच कळणार नाही. असलं तर सहा घरं गेली ती कशासाठी तरी गेली. नसलं तर मी माझ्या हाताने बारा चांगले जॉब कापायला दिले. रोज हेच, नाना. पोतं शिवताना हेच.

मी म्हटलं, कळणार नाहीच. मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या वेळी यावं असं वाटलं.

निघताना मी म्हटलं, आता जातील ना माणसं, सगळे टीव्हीवर बघतील, तुम्हीही बघा. तुमचं काही नाही त्यात, पण बघा.

त्या म्हणाल्या, “चढतांना मी देखस नही, नाना. उतरनात म्हणजे सांगजो.”

मी म्हटलं, उतरले की फोन करतो. त्यांनी माझा फोन नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला, आणि बरोबर लिहिला का ते मला वाचून दाखवलं.